ड्वेनचा हर्निया आणि माझं कॉलेज

माझ्या नवऱ्याला काहीही झालेलं नाही. हे अगदी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण गेल्या वसंतात हेच एक वाक्य माझ्या तोंडून वेळेवर बाहेर पडलं नाही आणि त्यापायी आमच्या गावानं ड्वेनला जवळजवळ पोचवून ठेवलं होतं. ड्वेन आजही सकाळी अंडी आणि बेकन खातो, पोस्टाच्या काउंटरवर दिवसभर उभा राहतो आणि झोपला की असा घोरतो की समोरच्या मर्नाचा कुत्रा बेचैन होतो. मरणाऱ्या माणसाचं हे एकही लक्षण नाही. पण गावाला लक्षणं लागत नाहीत, बातमी लागते.

मी नोरीन हाफनर. ओहायोतल्या आमच्या लहानशा गावात प्राथमिक शाळेच्या ऑफिसात खिडकीपाशी बसते. उशिरा आलेल्या पोरांना चिठ्ठी द्यायची, पोट दुखतंय म्हणणाऱ्याचं खरंच दुखतंय की पुढचा तास गणिताचा आहे ते ओळखायचं, पडलेला दात पाकिटात घालून घरी पाठवायचा, हे माझं काम. वर्षानुवर्षं ते करताना मला रोज वाटायचं की आपण खिडकीच्या चुकीच्या बाजूला बसलोय. मला वर्गात उभं राहून शिकवायचं होतं. पण त्याला पदवी लागते, आणि माझं कॉलेज दोन वर्षांत सुटलं होतं. का सुटलं, याला काहीही कारण नाही, आणि पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ इथंच आहे. लग्न झालं, मुलगा झाला, मुलगी झाली, आणि दर सप्टेंबरला वाटायचं की पुढच्या सप्टेंबरला बघू.

गेल्या हिवाळ्यात दोन गोष्टी एकदम घडल्या. आमचे मुख्याध्यापक म्हणाले, की पहिलीच्या बाई लवकरच निवृत्त होणार आहेत, तू पदवी आण, तो वर्ग तुझा. आणि शेजारच्या गावातल्या कॉलेजनं जाहीर केलं, की नोकरी करणाऱ्यांसाठीचा संध्याकाळचा वर्ग ही एक तुकडी घेऊन कायमचा बंद होणार. म्हणजे यंदा नाही तर मग कधीच नाही. मी अर्ज केला, प्रवेशही मिळाला. राहिली फी. घराचे हप्ते चालू, दोन्ही मुलांच्या शिक्षणाची कर्जं आमच्याच मानेवर, आणि पन्नाशी उलटलेल्या बाईनं स्वतःच्या कॉलेजसाठी कर्ज मागितल्यावर बँकेतला गृहस्थ माझ्याशी एकदम मोठ्या आवाजात आणि सावकाश बोलायला लागला. मला ऐकायला उत्तम येतं.

तेव्हा आशा उरली ती लायलॅक महिला मंडळाची. हे मंडळ दर वर्षी गावातल्या वयानं मोठ्या एका माणसाला, ज्याला पुन्हा कॉलेजात जायचंय अशाला, शिष्यवृत्ती देतं. एकालाच, पण संपूर्ण फी. अट एक, निबंध लिहायचा. विषयही ठरलेला: तुम्ही कोणत्या संकटावर मात केलीत.

मी निबंध लिहिला. मला मुलं आवडतात, मला वाचायला शिकवायचंय, फीला पैसे नाहीत, असं सरळ दोन पानांत मांडलं, आणि मर्नाला वाचायला दिला. मर्ना समोरच्या घरात राहते. गावात तिनं सल्ला दिला नाही असं एकच माणूस आहे, तिचा नवरा, आणि तो कानाचं यंत्र काढून ठेवतो. तिनं निबंध वाचला, चष्मा काढला, कपाळाला हात लावला.

"नोरीन, यात कोणी मेलंच नाहीये."

मी म्हटलं, मेलेलं असायलाच हवं का?

"गेल्या वर्षी जिला मिळाली तिचं घर जळलं होतं. त्याच्या आधीच्या बाईला तर एक पाय नव्हता. आणि तू म्हणतेस मला मुलं आवडतात. मुलं कोणाला आवडत नाहीत?"

त्यानंतरचा आठवडा मी स्वतःच्या आयुष्यात संकट शोधण्यात घालवला. हा अनुभव मी शत्रूलाही देणार नाही. एरवी माणूस आपलं बरं चाललंय म्हणून देवाचे आभार मानतो, मी मात्र जुने फोटो चाळत एकेका सुखी वर्षाला शिव्या घालत बसले होते. आईवडील सुखरूप म्हातारे होऊन फ्लोरिडात राहतात. मुलं नीट. माझे दातसुद्धा माझेच आहेत. मर्ना येता-जाता सुचवत होती: मुलगा तुरुंगात वगैरे, थोडा वेळ तरी? पूर कधी आला होता का? तळघरात पाणी आलं होतं, मी म्हटलं, आणि ड्वेननं ते संध्याकाळपर्यंत काढलं. मर्नानं सुस्कारा सोडला.

शेवटी हाती लागला तो ड्वेनचा हर्निया. मागच्या शरद ऋतूत त्यानं एकट्यानं फ्रीज हलवायचा पराक्रम केला होता आणि बेंबीशेजारी लिंबाएवढा फुगवटा आला होता. सकाळी ऑपरेशन, दुपारी घरी, संध्याकाळी सूप आणि वर एक सँडविच. एवढंच ते संकट. पण ड्वेननं तेव्हाच मला बजावलं होतं, की बेंबीची गोष्ट घराबाहेर जाता कामा नये. पोस्टाच्या काउंटरवर उभा राहणारा माणूस आहे, लोक येऊन पोटाकडे बघतील, असं त्याचं म्हणणं. तो त्याच्या अब्रूचा प्रश्न होता, आणि मी शब्द दिला होता.

म्हणून मी हर्निया हा शब्द टाळून लिहिलं. गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याला ऑपरेशनसाठी आत नेलं, मी बाहेर बसले होते, आणि त्या बाकावर मला पहिल्यांदा कळलं की माणसाच्या हातात किती थोडा वेळ असतो. यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी बाकावर बसले होते. वेळही थोडाच होता, कारण पार्किंगची मुदत संपत आली होती. मर्नानं वाचलं आणि रुमाल काढला. पहिल्यांदाच ती काही बोलली नाही, आणि मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

इकडे कॉलेजचं एक वेगळंच निघालं. गोवराची लस घेतल्याचा दाखला आणा, नाहीतर प्रवेश रद्द. मी फोनवर त्या मुलीला सांगितलं, की अगं, माझे लहानपणचे डॉक्टर केव्हाच वारले, त्यांचा दवाखाना होता तिथं आता पिझ्झा मिळतो. ती म्हणाली, दाखला नसेल तर लस पुन्हा घ्यायची. कुठं मिळेल? जिल्ह्याच्या रुग्णालयात, लहान मुलांच्या विभागात. आता मी सुईला घाबरते. हे सांगायची लाज नाही, पुष्कळ शूर माणसं घाबरतात. ड्वेननं अर्धी रजा टाकली आणि मला घेऊन गेला. टेडीबेअरच्या चित्राखाली, दोन बाळांच्या मध्ये बसून मी लस घेतली आणि पांढरीफटक होऊन ड्वेनच्या खांद्यावर मान टाकून बाहेर आले. माझी पर्स ड्वेनच्या हातात. मुलांचा विभाग आणि कॅन्सरचा विभाग यांना तिथं एकच दरवाजा आहे.

त्या दरवाजासमोरच रुग्णांसाठी फुलांची गाडी ढकलत ओव्हरहोल्ट बाई येत होत्या. ओव्हरहोल्ट बाई म्हणजे लायलॅक मंडळाच्या अध्यक्षा, दर आठवड्याला तिथं फुकट सेवा करतात. त्यांनी आम्हाला पाहिलं, वरची पाटी पाहिली, गाडीतलं एक गुलाबी कार्नेशन उचललं आणि ड्वेनच्या हातात दिलं. ड्वेननं मला गाडीत विचारलं, की ह्या बाईंनी मला फूल का दिलं? मी म्हटलं, चांगल्या आहेत स्वभावानं.

निबंध गुप्त ठेवायचा असतो. ओव्हरहोल्ट बाईंनी तो गुप्तच ठेवला. त्यांनी फक्त चर्चच्या प्रार्थनेच्या यादीत एक विनंती घातली, तीही नाव न घेता: पोस्टात काम करणाऱ्या एका गृहस्थासाठी प्रार्थना करा. आमच्या पोस्टात दोनच माणसं कामाला आहेत, आणि दुसरी बाई आहे. ही यादी फोनवरून घराघरांत जाते. तिच्यातून गेलेली बातमी म्हणजे कुचाळकी नव्हे, भक्ती, त्यामुळे ती फार जोरात जाते.

मग दारात शेजाऱ्यांकडून जेवणाचे ट्रे यायला लागले, पहिला आला तो हॅम-बटाटा-चीजचा. मला वाटलं, शिष्यवृत्तीत आपलं नाव पुढं आलं असावं, अभिनंदन असेल. मग नूडल्स आणि ट्यूनाचा आला. मग फरसबीचा, वर तळलेला कांदा पेरलेला. प्रत्येक ट्रेच्या बुडाशी चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं, म्हणजे परत करताना घोळ होऊ नये. कोणी आत येत नव्हतं, दारात उभं राहून हात दाबायचे आणि जायचे. आमचा फ्रीज भरला, मग तळघरातला भरला, मग मी मर्नाच्या फ्रीजमध्ये ठेवायला लागले. ड्वेन खूष होता. असल्या जेवणाला तो कधीच नाही म्हणत नाही.

मग शाळेतल्या एका पोराची आई मॅकरोनी घेऊन आली आणि दारातच हळू आवाजात म्हणाली, "त्याला अजून चीज चालतं ना?"

मी म्हटलं, "अजून म्हणजे?"

तिचे डोळे भरून आले. तो ट्रे हातात घेऊन मी तशीच रस्ता ओलांडून मर्नाकडे गेले. मर्नानं दोन फोन केले आणि सगळा उलगडा झाला: गावाच्या लेखी ड्वेनला कॅन्सर झाला होता. मंडळाचा निर्णय पुढच्याच आठवड्यात होता. खरं सांगावं तर शिष्यवृत्ती गेली, संध्याकाळचा वर्ग गेला, मी मरेपर्यंत त्या खिडकीत. न सांगावं तर धडधाकट नवऱ्याच्या नावावर लोकांचं हॅम खायचं.

"तू एक अक्षर खोटं लिहिलेलं नाहीस," मर्ना म्हणाली. "लोकांनी काय समजावं हा त्यांचा प्रश्न. आठ दिवस गप्प बस."

मी गप्प बसले नाही, हे माझ्या बाजूनं नोंदवून ठेवा. मी ओव्हरहोल्ट बाईंना फोन केला आणि स्पष्ट म्हटलं, की बाई, ड्वेन अगदी बरा आहे. त्या म्हणाल्या, "अशीच धीरानं राहा, नोरीन. मी कौतुक करते तुझं." मी पुन्हा म्हटलं, त्याला खरंच काही झालेलं नाही. त्यांनी रडतच फोन ठेवला. दुकानात, शाळेत, चर्चच्या पायऱ्यांवर, जिथं जिथं मी ड्वेन बरा आहे म्हणाले तिथं तिथं माझी हिंमत वाखाणली गेली. एक मात्र आहे. हर्निया हा शब्द मी कुठंही उच्चारला नाही. ड्वेनला शब्द दिला होता ना, असं मी स्वतःला बजावत होते. प्रत्येक वेळी माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही की मला हायसं वाटायचं, आणि हायसं वाटलं म्हणून लाज वाटायची, आणि मग घरी जाऊन मी कोणाचा तरी ट्रे घासायची.

ड्वेनला यातलं काही कळू नये म्हणून मी इतकी धावपळ करत होते की त्याच्याकडे बघायलाच विसरले. पोस्टात लोक त्याच्याकडून सुटे पैसे परत घेत नव्हते. एका पार्सलवरून वर्षानुवर्षं त्याच्याशी भांडणारा म्हातारा येऊन माफी मागून गेला. ड्वेन घरी येऊन हे सांगायचा, आधी हसत, मग न हसता, मग सांगायचंच बंद केलं. एकदा त्यानं मला तळघरात नेऊन घर गरम करायचा बॉयलर कसा पेटवायचा ते दाखवलं. दुसऱ्या दिवशी फ्यूजची पेटी. मला वाटलं, मी कॉलेजात जाणार म्हणून घरकामात रस घेतोय बिचारा. एकदा जेवताना त्यानं विचारलं, की तुला एकटीला दारातला बर्फ काढता येईल का? मी म्हटलं, मे महिन्यात कसला बर्फ आलाय, ट्यूना संपव. त्यानं मुकाट्यानं संपवला.

निर्णय व्हायचा त्याच शनिवारी चर्चच्या तळघरात स्पॅगेटीची पंगत ठरली. ड्वेनच्या उपचारांसाठी पैसे जमवायला. हे मला फलक लागल्यावर कळलं. अग्निशमन दलाची माणसं सॉस करणार होती, एका बाईनं गोधडी शिवून लकी ड्रॉसाठी दिली होती, आणि ओव्हरहोल्ट बाईंनी ठरवलं होतं की शिष्यवृत्ती त्याच पंगतीत, सगळ्या गावासमोर जाहीर करायची. मी मर्नाला म्हटलं, आता मात्र थांबवलं पाहिजे. मर्ना म्हणाली, आता कसं थांबवणार, सॉस झालाय. ड्वेनला मी सांगितलं, शाळेची पंगत आहे.

शनिवारी दुपारी ड्वेन आमच्या पिकअप ट्रकमध्ये पेट्रोल भरायला गेला. परत आला तो ट्रकमधून उतरलाच नाही. मी खिडकीतून पाहिलं, पुन्हा पाहिलं, शेवटी बाहेर जाऊन त्याच्या शेजारी बसले. तो समोर गॅरेजच्या दाराकडे बघत होता.

"पंपावर काउंटरवर एक बरणी आहे," तो म्हणाला. "मदतीची. मी सुटे पैसे टाकले. कोण बिचारा आहे म्हणून फोटो बघितला, तर मी."

मी ट्रकचं दार ओढून घेतलं.

"कोणता फोटो लावलाय माहितीये? बोलिंगच्या पार्टीतला. डोळे मिटलेला." मग तो माझ्याकडे वळला. "नोरीन, मला खरं सांग. डॉक्टर तुला काय म्हणाले?"

"कुठले डॉक्टर?"

"हर्नियाच्या वेळी. मी गुंगीत होतो, पण पाहिलं मी. तुला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगत होते. आणि परवा त्या रुग्णालयातून निघताना तू पांढरी पडली होतीस. सगळ्या गावाला माहितीये आणि मला तेवढं माहीत नाही. किती दिवस राहिलेत?"

तेव्हा मला कळलं की बॉयलर कशासाठी होता. हा माणूस किती तरी दिवस माझ्या शेजारी झोपून, अंडी खाऊन, कामावर जाऊन, एकटाच मरत होता, आणि मी चिकटपट्टीवरची नावं वाचत होते. माझ्या आयुष्यात संकट नाही म्हणून मी आठवडाभर रडले होते. आता ते मी स्वतःच्या हातानं घडवून ड्वेनच्या अंगावर टाकलं होतं.

मी सगळं सांगितलं. डॉक्टर गाडी मागच्या दाराशी आणा एवढंच म्हणाले होते, तेही सांगितलं. निबंध, बाक, फुलांची गाडी, प्रार्थनेची यादी, पंगत. एकही गोष्ट ठेवली नाही.

"म्हणजे मी मरत नाहीये," ड्वेन म्हणाला.

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्यानं टोपी काढली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याच्या मानेमागं केस कापलेली पांढरी रेघ दिसत होती, तिच्याकडे बघत मी बसून राहिले. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, संध्याकाळी जायचंय ना, आवरून घे. मी विचारलं, तिथं जाऊन मी काय बोलू?

"ते तू बघ," तो म्हणाला. "निबंध तू लिहिलायस."

चर्चच्या तळघरात पाऊल टाकलं आणि भरलेल्या हॉलनं आमच्याकडे माना वळवल्या. ड्वेनला हात टेकायची खुर्ची देण्यात आली, वर उशी. त्यानं रागारागानं स्पॅगेटी खायला सुरुवात केली, आणि तो खातोय हे बघून दोन बायका डोळे पुसायला लागल्या. मी सगळे धुतलेले ट्रे खोक्यात घालून आणले होते, ते दाराशी ठेवले. मर्ना मला खुणेनं सांगत होती, गप्प, गप्प.

मी ताट घेऊन रांगेत गेले. सॉस वाढायला ग्लेंडा होती, निबंध वाचणाऱ्या लायलॅक मंडळातलीच. ग्लेंडाचा नवरा मागच्या वर्षी गेला, खरोखरीच, पोटाच्या कॅन्सरनं. तिनं वाढायची पळी खाली ठेवली आणि माझं मनगट धरलं.

"मी वर्षभर कोणाला बोलले नव्हते," ती म्हणाली. "वाटायचं, बोललं की खरं होईल. तू लिहिलंस, बरं केलंस. रात्री कधीही फोन कर मला, मी जागीच असते."

मी ताट तसंच टेबलावर ठेवलं. पुढचं काही मी ठरवून केलं असं म्हणवत नाही. ओव्हरहोल्ट बाई माइकपाशी उभ्या होत्या, हातात पांढरं पाकीट, तोंडी माझं नाव. टाळ्या सुरू झाल्या होत्या. त्या पाकिटात माझा पहिलीचा वर्ग होता, ते मला माहीत होतं, सगळ्या हॉलला माहीत होतं. मी ड्वेनकडे पाहिलं. तो ताटाकडे बघत होता. मी माइकपाशी गेले आणि म्हटलं, "ड्वेनला हर्निया झाला होता. बेंबीशेजारी. ऑपरेशन झालं त्याच दिवशी तो घरी आला. तेव्हापासून तो बरा आहे. मी जे लिहिलं त्यात हे लिहिलं नव्हतं."

टाळ्या एकदम थांबल्या नाहीत, मागच्या टेबलांवर अजून वाजत होत्या, मग त्याही थांबल्या. कोणीतरी अतिशय दुखावलेल्या आवाजात म्हणालं, "नुसता हर्निया?" ड्वेन कानापर्यंत लाल झाला होता.

ओव्हरहोल्ट बाईंनी पाकीट खाली घेतलं. "मग तुझी अडचण काय होती, नोरीन?"

"काहीच नव्हती. मला कोणी अडवलं नाही, आमचं काही जळलं नाही, कोणी गेलं नाही. मला शिकवायचंय आणि फी भरायला पैसे नाहीत. एवढंच आहे. पण एवढंच लिहिलं असतं तर तुम्ही वाचलं नसतं."

बाईंनी थोडा विचार केला. त्या खोटं बोलत नाहीत, हे मात्र मानलं पाहिजे. "नसतं वाचलं," त्या म्हणाल्या, आणि पाकीट पर्समध्ये ठेवून पर्सचा खटका लावला. शिष्यवृत्ती दुसऱ्या नंबरच्या अर्जदाराला मिळाली, ट्रक चालवणाऱ्या आणि नर्स होऊ पाहणाऱ्या एका गृहस्थाला. त्याच्यावर खरीच संकटं आली होती, आणि ती एकाहून एक सरस होती. पंगतीचे आणि बरणीतले पैसे अग्निशमन दलाला द्यायचं तिथंच ठरलं.

कोणी आम्हाला वाकडा शब्द बोललं नाही. आमच्या गावात लोक रागावले की जास्तच सौजन्यानं वागतात, आणि त्या संध्याकाळी ते इतके सौजन्यानं वागले की मला गुदमरायला झालं. एकेक जण दाराशी जाऊन खोक्यातला ट्रे उचलायचा, उलटा करून नाव बघायचा, आणि आमच्याकडे बघून हसून निघून जायचा. ड्वेन जिवंत असल्याचं दुःख लपवणं काहींना जड जात होतं. मर्ना सगळ्यांना सांगत होती, की मी तिला आधीच म्हटलं होतं, खरं काय ते लिही म्हणून.

ग्लेंडा माझ्याकडे आली नाही. मी तिच्याकडे बघायचंही टाळत होते. ती एप्रनला हात पुसत ड्वेनच्या खुर्चीपाशी गेली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बरं झालं रे, हर्नियाच होता." मग ती परत आत गेली आणि भांडी घासायला लागली. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये ड्वेन मरत नाही याचा आनंद झालेलं ते एकच माणूस होतं, आणि तिची माफी कशी मागायची ते मला अजून सापडलेलं नाही.

बाहेर येऊन ट्रकमध्ये बसलो आणि मला रडू फुटलं. अब्रू गेली म्हणून थोडं, पण खरं म्हणजे वर्ग गेला म्हणून. खरं बोलल्यावर हलकं वाटतं असं म्हणतात, मला अजिबात वाटत नव्हतं. मी ड्वेनला म्हटलं, की झालं, संपलं ते, आता मी सोमवारपासून खिडकीत बसते आणि पुन्हा कधी कॉलेजचं नाव काढत नाही.

ड्वेननं किल्ली लावली पण फिरवली नाही.

"फी भरलीय," तो म्हणाला.

"कोणी?"

"मी. गेल्या आठवड्यात. पहिल्या वर्षाची सगळी, आणि उरलेले बँकेत ठेवलेत तुझ्या नावानं, पुढच्यासाठी." तो समोर बघत होता. "बोट विकली."

ती बोट तळ्याकाठी एका शेडमध्ये असायची. ड्वेनचे सगळे रविवार तिच्यात गेले होते. तिच्यात मी कधी बसले नाही, कारण ती बोलायची जागा नव्हती, असं त्याचं म्हणणं.

"मी गेल्यावर तू त्या खिडकीत एकटी बसून राहशील असं डोळ्यांसमोर आलं," तो म्हणाला. "म्हटलं, बॉयलर दाखवला, फ्यूज दाखवले. एवढं एक मार्गी लावून जावं."

मला आणखीच रडायला आलं. मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, की सोमवारीच जाऊन फी परत घेऊ, मला काही नको, तुझी बोट सोडवून आणू.

"त्याला फोन केला होता मी," ड्वेन म्हणाला.

"कोणाला?"

"ज्यानं घेतली त्याला. दुपारी, तू केस विंचरत होतीस तेव्हा. म्हटलं, गैरसमज झाला होता, मी मरत नाहीये, बोट परत दे. नाही म्हणाला. म्हणे, मासे आत्ताच गळाला लागायला लागलेत."

मी त्याच्याकडे बघत राहिले. तो गंभीर होता. चर्चच्या दारातून लोक रिकामे ट्रे घेऊन बाहेर पडत होते आणि आमच्या ट्रकजवळून जाताना हात हलवत होते. ड्वेननंही हात हलवला.

"किती वर्षं लागतील?" त्यानं विचारलं.

"तीन. नापास नाही झाले तर."

"नापास होऊ नकोस," त्यानं किल्ली फिरवली. "माझ्याकडे दुसरी बोट नाही."